पाच पॅनल वाचली, म्हणून क्लेम अडकला

नागपुरात मानेवाड्यात आमचं दुमजली घर. गच्चीवर ५४५ वॅटची सहा सोलर पॅनल. महावितरणचं नेट मीटर, ७८,००० रुपयांची सबसिडी, सगळं वेळेत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते गारपिटीनंतरच्या सात आठवड्यांत.

एप्रिलची दुपार. नुसता उकाडा, कूलरही गरम हवा फेकत होता. चारनंतर आभाळ एकदम काळं झालं, वारा सुटला आणि समोरच्यांच्या टिनावर गोटे पडावेत तशा गारा. बाजूचं हिरवं नेट उडून आमच्या स्ट्रक्चरला गुंडाळलं, पण स्ट्रक्चर तसूभर हललं नाही. मुलगी अंगणात धावली, एक गार उचलून ताटलीत दहाच्या नाण्याशेजारी ठेवली आणि फोटो काढला. मी तिच्यावर खेकसलो. नको होतं खेकसायला.

पाऊस थांबल्यावर वर गेलो. पाच पॅनल ठणठणीत. सहाव्याची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. अशा पॅनलला हात लावू नका. खालचा स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरींत वीज असतेच, सहा पॅनल एका ओळीत जोडली की तीनशेच्या आसपास व्होल्ट. मी ओल्या गच्चीवर अनवाणी उभा होतो.

वॉरंटी २५ वर्षांची, पण ती वीजनिर्मितीची. गारांचं नाव काढलं की हात वर. नशिबाने घराचा 'भारत गृह रक्षा' विमा होता. त्यात वादळ धरलेलं असतं आणि घरासोबत सोलर पॅनलही येतात. क्लेम टाकला, सर्व्हेअर आले. सहाही पॅनल न्याहाळून म्हणाले, "गारा पडल्या, तं एकच कसं फुटलं? पोट्ट्यायचा बॉल लागला असन."

पाच टिकली हाच माझ्याविरुद्धचा पुरावा!

मी समजावलं. पॅनलच्या चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी साधारण ८३ किलोमीटर वेगाने काचेवर मारतात. तेवढं ही काच सोसते. पण सगळ्या गारा एका मापाच्या नसतात. व्यास दीडपट झाला की वजन तिपटीहून जास्त होतं, आणि तसली एखादी बसली की संपलं. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, फोटोतली गार त्याच्यापेक्षा चांगलीच मोठी. साहेबांनी मान डोलावली आणि हवामान खात्याचा दाखला मागितला.

आता वेधशाळा सोनेगावला, विमानतळाकडे. गारा पट्ट्याने पडतात, एका गल्लीत खच आणि पुढच्या चौकात धूळ. तिथल्या नोंदीत माझी गच्ची कशी सापडणार? हे मी तीन मेलमध्ये लिहिलं. तिन्हींना उत्तर एकच: फाइल प्रोसेसमध्ये आहे. मग म्हणे सहाही पॅनलच्या सिरियल नंबरचे फोटो पाठवा. स्टिकर मागच्या बाजूला. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या गच्चीवर गोधडी टाकून पॅनलखाली उताणा झोपलो, फोटो काढले. नंतर कळलं, नंबरांची यादी पॅनल बसवणाऱ्याकडे होतीच. तुम्ही ती बिलासोबत पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

शेवटी क्लेम पास केला तो समोरच्या काकांच्या गाडीने. त्याच दुपारी तिच्या बॉनेटवर पोचे पडले होते आणि त्यांच्या विमा कंपनीने ते गारांचेच मानले होते. त्या कागदांची झेरॉक्स, मुलीचा फोटो आणि इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधला आलेख जोडला. गारपिटीच्या आदल्या दिवशीच्या लख्ख उन्हातली वीज आणि दुसऱ्या दिवशीच्या तशाच उन्हातली वीज, फरक सरळ दिसत होता. आठ दिवसांत पैसे आले. तेव्हा गारपीट झाली की आधी गल्लीत फिरून कोणाकोणाच्या गाड्या ठोकल्या गेल्या ते बघा, मग गच्चीवर जा.

५४५ चं पॅनल मिळेना, ५५० चं बसवलं. चालतं, फक्त ओळीतल्या इतरांपेक्षा कमी करंटचं घेऊ नका, सगळी ओळ मागे ओढली जाते. बसवणाऱ्याकडून उरलेल्या पाचांचे क्लॅम्पही आवळून घेतले.

फुटकं पॅनल फेकू नका, कंपनीचा माणूस नेईल, असं सर्व्हेअरनी बजावलं होतं. ते अजून जिन्याखाली, कूलरच्या मागे उभं आहे.