बोल्ट आवळण्याआधी

इंदूरला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "तिकडे नक्की काय करतेस गं?" लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज निवांत लिहितेय. शिकागोजवळच्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत मी ज्या कामावर आहे, त्याचं एक टोक आपल्या राजेंद्र नगरच्या पलीकडे, कॅटमध्ये, म्हणजे सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या संशोधन केंद्रात आहे. त्याला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळून बरीच वर्षं झाली, पण आपल्यासाठी ते कॅटच.

इथे 'पिप-टू' नावाचा नवा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, उभा राहतोय. तो साधारण 215 मीटर लांबीचा, सरळ रेषेतला आहे आणि प्रोटॉनना 80 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देणार आहे. त्याच्या जोरावर तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण जमिनीखालून 1300 किलोमीटरवर साउथ डकोटात टिपले जातील. भारत, इटली, ब्रिटन, फ्रान्स आणि पोलंड भागीदार आहेत, आणि ते सुटे भागच बनवून देतात. जोडणीचं नियोजन अवघड होतं ते इथेच.

त्वरकाचा गाभा म्हणजे नायोबियम धातूच्या पोकळ कॅव्हिटी; त्यांच्यातूनच प्रोटॉनना वेग मिळतो. मोठ्या क्रायोमॉड्यूलमध्ये, म्हणजे अतिथंड ठेवलेल्या टाकीत, अशा सहा कॅव्हिटी एका ओळीत बसतात आणि 2 केल्विनला, म्हणजे उणे 271 अंशांना, द्रव हेलियममध्ये काम करतात. कॅव्हिटी एका देशातली, तिला रेडिओ लहरींची ऊर्जा पुरवणारा कपलर दुसऱ्या देशातला, जोडणी तिसरीकडे. प्रत्येकाचा भाग आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे अचूक असला, तरी एकमेकांत बसेलच असं नाही. माप कुठल्या पृष्ठभागापासून घ्यायचं, तेच आधी ठरावं लागतं. आमच्या कित्येक बैठका एवढ्यावरच खर्ची पडतात, आणि माझ्या मते त्या सत्कारणी लागतात.

तापमानाचंही तसंच. स्टेनलेस स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण 16 मायक्रॉन वाढतं. दहा मीटरच्या सांगाड्यात दहा अंशांचा फरक पडला की दीड मिलिमीटरहून जास्त चूक झालीच! इंदूरचा मे महिना आणि इथला जानेवारी डोळ्यासमोर आणा. म्हणून लांबी 20 अंशांना धरायची, हा जगभरचा नियम आम्ही प्रत्येक कागदावर लिहितो. शिवाय थंड करताना स्टील मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आखडतं आणि टायटॅनियम त्याच्या निम्मंच. खोलीच्या तापमानाला सगळं सरळ रेषेत लावून भागत नाही. गार झाल्यावर कोण कुठे सरकेल, हे आधीच हिशोबात धरावं लागतं.

मला सगळ्यात भावतं ते क्लीन रूममधलं, म्हणजे धूळ गाळलेल्या खोलीतलं काम. डोळे सोडून सगळं अंग झाकलेले दोघं जण एका फ्लँजपाशी, म्हणजे दोन भाग बोल्टने जोडायच्या कडेपाशी, बसतात. एक जण नायट्रोजनचा झोत बोल्टवर मारतो, दुसरा कणमोजणीच्या यंत्राकडे बघतो. आकडा शून्यावर येऊन तिथेच राहिला, की मगच तो बोल्ट आत जातो. मग पुढचा बोल्ट. धुळीचा एक कण कॅव्हिटीत राहिला, तर तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, उष्णता वाढते आणि कॅव्हिटी कमी ताकदीवर चालवावी लागते. हवासुद्धा अगदी हळूहळू काढतात, नाहीतर खाली बसलेले कण उठतात. घाई करणाऱ्याला इथे कोणी कामावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक भागासोबत त्याचा 'ट्रॅव्हलर', म्हणजे नोंदींचा कागद, फिरतो: कोणी धुतला, कोणी वेल्ड केला, गळतीची चाचणी कधी झाली, सही कोणाची. कॅटमधले एक ज्येष्ठ सहकारी इथल्या सकाळी आठला, तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला, कॉलवर येतात. मी त्यांना सर म्हणते. अधिकृत बोलणं संपलं की आम्ही मराठीत येतो. परवा म्हणाले, "माप बरोबर आहे हे मला नका सांगू. कुठल्या प्रोबने, म्हणजे मोजणीच्या टोकाने, घेतलं ते दाखवा." त्या एका वाक्यावरून आम्ही तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला.

कॅटला हे नवं नाही. जिनिव्हाच्या एलएचसी या महाकाय त्वरकात 1232 द्विध्रुवी चुंबक आहेत, प्रत्येकी 15 मीटर लांब आणि सुमारे 35 टनांचे. त्यातला प्रत्येक तीन जॅकवर उभा आहे. मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत हलवता येणाऱ्या त्या जॅकची रचना कॅटमध्ये झाली आणि भारतीय कारखान्यांनी असे सुमारे सात हजार जॅक करून पाठवले.

सध्या आमच्यापुढे वाहतुकीचा प्रश्न आहे. पेटी कुठे धरून उचलायची, धक्के नोंदवणारं यंत्र कुठे लावायचं, ती इथे पोचल्यावर आधी कोणी उघडायची आणि नोंद मर्यादेबाहेर निघाली तर निर्णय कोणाचा? हे शेवटचं अजून ठरलेलं नाही. माझं म्हणणं आहे की ज्यांनी भाग बनवला, ते कॉलवर हजर असल्याशिवाय पेटीचं झाकण उघडूच नये. पुढच्या बैठकीत मी तेच मांडणार आहे.