कर्ण्यासमोर गायलेली माणसं

घरी आलेलं जवळजवळ प्रत्येक जण विचारतं: ऑपेराच ऐकायचा तर आजची स्वच्छ ध्वनिमुद्रणं सोडून या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरखरत्या तबकड्या कशाला? इटालियन गायक कारुसोचं नाव निदान कानावरून गेलेलं असतं, पण ही बाकीची मंडळी कोण? तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते. मी ऐकते ते त्या बाकीच्या मंडळींसाठीच.

उदाहरणार्थ गायक फेर्नांदो दे लुचिया. जन्म नेपल्सचा, १८६०चा. मास्कान्यीच्या 'लामिको फ्रित्झ' या ऑपेराचा पहिला प्रयोग १८९१ मध्ये रोमला झाला, तेव्हा नायक हाच होता. त्याचं रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधलं 'एक्को रिदेंते' ऐका. पहाटे प्रेयसीच्या खिडकीखाली उभं राहून गाणारा सरदार. वरचा सूर जोरात लावून टाळी घेण्याची घाई नाही. मधेच एखाद्या सुरावर तो रेंगाळतो, साथीदाराला थांबून राहावं लागतं. मग आवाज बारीक करत करत सूर सोडतो आणि लगेच दाणेदार फिरत घेत खाली उतरतो. पुढे तोस्कानिनीसारख्या वाद्यवृंद-संचालकांनी स्वरलिपीत आहे तेवढंच गा असा आग्रह धरला आणि ही मोकळीक आटत गेली. नाट्यपदं ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ती चटकन ओळखू येते. आजच्या गायकांकडे तयारी अफाट आहे, पण असं गाणं मला त्यांच्याकडे सापडत नाही. आणि खरखर म्हणाल, तर दुसऱ्या तबकडीपर्यंत तिचं भानही राहत नाही.

एक मात्र सांभाळावं लागतं. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७३-७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ वर फिरवली की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. लय पळते, आवाजातला कंप शेळीच्या बें-बें करण्यासारखा होतो. दे लुचियाचं नाव वर्षानुवर्षं याच कारणाने खराब झालं. त्यात तो उंच जागांची पदं पट्टी उतरवून गायचा, त्यामुळे खरा वेग ठरवणं आणखी अवघड. हे काम संग्राहकांनी चिकाटीने केलं, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

मायक्रोफोन आला १९२५ मध्ये. तोवर गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड करून गायचे, सूर चढला की मागे सरकायचे. ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने १९०२च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात कारुसोला असंच मुद्रित केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानला. हा कर्णा पुरुषांच्या आवाजाला बरा मानवायचा. स्त्रियांच्या वरच्या पट्टीतलं तेज तो गिळायचा. म्हणून चेलेस्तिना बोनिनसेन्याचं नवल वाटतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात १९०६ साली ती कारुसोबरोबर 'आइदा' गायली, पण तिथे एका मोसमापलीकडे टिकली नाही. तबकडीवर मात्र तिच्या तोडीचे आवाज मोजकेच. 'इल त्रोवातोरे'मधलं तिचं 'दामोर सुल्लाली रोझे' ऐका. खालचे सूर छातीतून भरदार येतात, आणि तोच आवाज कुठेही सांधा न दिसता वर जातो.

माझी सगळ्यात लाडकी तबकडी मात्र व्हिक्तोर मोरेलची, १९०७ची. ऑपेराकार व्हर्दीच्या 'ओतेल्लो'मधला पहिला इयागो आणि १८९३चा पहिला फाल्स्टाफ हाच. म्हणजे खुद्द व्हर्दीच्या देखरेखीखाली बसवलेलं गाणं. साठीच्या उंबरठ्यावर, आवाज बराच गेलेला असताना, 'फाल्स्टाफ'मधलं 'क्वांदेरो पाज्जो' गातो. लठ्ठ म्हातारा सरदार आपण पोरवयात किती सडपातळ होतो ते सांगतोय. पद जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. संपताच खोलीतली मंडळी टाळ्या वाजवून ओरडतात, पुन्हा हवं म्हणतात. तो पुन्हा गातो. परत गलका. तिसऱ्यांदा तो फ्रेंचमध्ये गातो. तीनही वेळा शब्द अगदी जिभेच्या टोकावर, हलके, चपळ. आवाज शिल्लक नसताना नुसत्या उच्चारावर आणि लयीवर माणूस भूमिका उभी करतो.

सुरुवात करायची असेल तर याच तबकडीने करा. नंतर दे लुचिया. तो ऐकताना आवाज फार थरथरला तर वेग थोडा कमी करून पुन्हा लावा, आणि मग ठरवा.