साठ सेकंदं

सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मी इंदूरच्या राजवाड्यापाशी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होतो. "दादा, पावतीचा नंबर १ पासून सुरू झालाय. मी काही केलं नाही हो!" लॅबच्या काउंटरवरच्या ताई. मागून डॉक्टरसाहेबांचा चढलेला आवाज. पोहे तसेच राहिले.

लॅब एका खासगी हॉस्पिटलात भाड्याने आहे. केबल आणि स्विच त्यांचे, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात. पोचेपर्यंत नऊ जण उपाशीपोटी रक्त देऊन गेलेले, नळ्यांवर १ ते ९ ची स्टिकरं. एका आजींची शुगर 'टेस्ट पेशंट, वय ९९' या नावावर आलेली. ती नोंद माझीच, सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाची. पुसायची राहून गेली होती.

हॉस्पिटलच्या नेटवर्कवाल्यांनी त्याच आठवड्यात ८०२.१एक्स चालू केलं होतं. म्हणजे लॉगिन झालं की स्विच आधी ओळख पडताळतो, मगच पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, उघडतो. तोवर केबलचा दिवा हिरवागार, पण पलीकडे काही जात नाही. "आमच्याकडून सगळं चालू आहे भिया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांगायचं तरी आधी! आणि आमचं सॉफ्टवेअर असं, की सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा मुख्य कॉम्प्युटर, दिसला नाही तर एरर न देता गुपचूप स्वतःच्या, त्या टेस्ट नोंदीशिवाय रिकाम्या, फाइलवर चालू होतं. लिहिणारा भेटला तर त्याला मी पोहे खाऊ घालणार नाही.

पण साठ सेकंदं माझी होती. दोन वर्षांपूर्वी नेटवर्क उशिरा यायचं, म्हणून मी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीत, लॉगिननंतर एक मिनिट थांबून सॉफ्टवेअर सुरू करायचं लावून दिलं. चाललं, पैसेही घेतले. त्या सकाळी पडताळणीला मिनिटाच्या वर लागलं.

मिनिटं मोजण्यापेक्षा सर्व्हर दिसेपर्यंत थांबायला हवं होतं. घाईत पिंगची, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघणाऱ्या कमांडची, बॅच फाइल (कमांडची यादी) लिहिली: उत्तर आलं की सॉफ्टवेअर सुरू कर. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तर पुन्हा नंबर १! अर्धा तास डोकं खाजवलं. त्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का बसवलेला. सर्व्हर सापडला नाही की 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', म्हणजे 'समोरचं मशीन गाठता येत नाही', हे उत्तर आपलंच मशीन आपल्याला देतं, आणि विंडोजचा पिंग त्यालाही उत्तर आलं असंच धरतो, एररलेव्हल शून्य, म्हणजे चूक काही नाही. शेवटी पिंग काढून टाकला. सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमधली डेटाबेसची फाइलच दिसते का, दर पाच सेकंदांनी बघायचं. पाच मिनिटांत नाहीच दिसली, तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही, पडद्यावर मोठ्या अक्षरांत निरोप द्यायचा. तीनदा केबल काढून, लावून पाहिलं.

नऊही नळ्या नावं ताडून पुन्हा लावल्या. चुकीचा रिपोर्ट कुणाच्या हातात गेला नाही. डॉक्टरसाहेबांना सांगितलं, "हॉस्पिटलच्या स्विचमुळे झालं." ते खोटं नव्हतं. ताईंना सगळ्यांदेखत बोलणी बसली होती, त्यावर मात्र ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

आता सॉफ्टवेअर आपलं आपण थांबतं. तरी रोज सकाळी सातला ताईंचा फोन येतो, "दादा, लावू का कॉम्प्युटर?"

मी म्हणतो, "लावा."