वॉल फाइलचा गुंता सुटला. ईएमएमसी बॉक्सची (फोनची मेमरी-चिप थेट वाचणाऱ्या यंत्राची) खरेदी लांबणीवर

आपण चाचणीच्या फोनमधून पुसलेले मेसेज परत मिळवणारी टूल तपासतो आहोत. मागच्या नोंदीत अडकलेला प्रश्न असा होता: एकाच फोनची एकच पूर्ण फाइल-सिस्टम कॉपी (सगळ्या फाइलींची प्रत), तीन टूल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजांचे तीन वेगळे आकडे. गटात फिरणाऱ्या पायथन स्क्रिप्टमध्ये शेवटच्या काही तासांचे मेसेज गायब. फुकटच्या पार्सरमध्ये (डेटाबेस वाचून मेसेज दाखवणाऱ्या टूलमध्ये) ते हजर, पण पुसलेलं एकही नाही. आणि ज्याचा वार्षिक परवाना लाखांत जातो अशा टूलच्या चाचणी-आवृत्तीत पुसलेले मेसेजही दिसतात, शिवाय एकूण आकडा भलताच फुगलेला. 'पैसे मोजले की जास्त मिळतं' असा निष्कर्ष काढून बरेच जण मोकळे झाले होते. तो चुकीचा ठरला. तिन्ही आकड्यांच्या मुळाशी एकच फाइल आहे: मेसेज साठवणाऱ्या एमएसजीस्टोअर डेटाबेसशेजारी बसलेली वॉल (राइट-अहेड लॉग) फाइल.

फोन तोच, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडलेला आणि मॅजिस्क या टूलने रूट केलेला, म्हणजे खाजगी फाइलींपर्यंत पोचता येणारा, चाचणीचा फोन. कॉपी काढण्याचा क्रम मात्र आता पक्का करू या, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. आधी एअरप्लेन मोड. मग व्हॉट्सअ‍ॅप फोर्स-स्टॉप. फोर्स-स्टॉपने प्रोसेस थेट मारली जाते, डेटाबेस नीट 'बंद' होत नाही, म्हणून वॉल फाइल जागेवर राहते. हेच आपल्याला हवं असतं. चालू अ‍ॅपमधून फाइली एकेक करून ओढल्या तर डीबी (मुख्य डेटाबेस फाइल) एका क्षणाची आणि वॉल दुसऱ्या क्षणाची येते, आणि मग पानं (डेटाबेसचे ठरावीक आकाराचे तुकडे) जुळत नाहीत. त्यानंतर अ‍ॅपच्या खाजगी फोल्डरचा एकच टार (एकत्र बांधलेली फाइल) एडीबीवरून (पीसीवरून फोनला आज्ञा देणाऱ्या टूलवरून) थेट पीसीवर. डीबी, वॉल आणि एसएचएम (वॉलची सूची) या तिन्ही फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (डिजिटल ठसे) वेगवेगळे काढायचे, मूळ संच बाजूला ठेवायचा आणि काम फक्त दुसऱ्या कॉपीवर करायचं.

आता वॉल. दुकानातला व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो आणि नंतर सवडीने खतावणीत जातो, तसं एसक्यूलाइट (हा डेटाबेस चालवणारं इंजिन) नवं पान आधी वॉलमध्ये लिहितं आणि 'चेकपॉइंट' झाला की ते मुख्य डीबीत उतरवतं. इथे तीन सापळे आहेत.

पहिला: इम्युटेबल=१ (फाइल कधीच बदलत नाही असं धरणारा पर्याय). बऱ्याच स्क्रिप्टमध्ये 'पुराव्याला धक्का नको' म्हणून डेटाबेस या पर्यायाने उघडतात. डीबीला खरंच धक्का लागत नाही, पण एसक्यूलाइट अशा वेळी वॉलकडे पाहतच नाही. जे मेसेज अजून खतावणीत उतरलेले नाहीत ते दिसणारच नाहीत, आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. पायथन स्क्रिप्टचा कमी आकडा इथून आला. योग्य पर्याय मोड=आरओ. एसक्यूलाइट ३.२२.० पासून केवळ-वाचन पद्धतीत वॉल वाचता येते, फक्त एसएचएम फाइल सोबत हवी किंवा ती बनवता येईल असं फोल्डर हवं. म्हणजे फोल्डर लिहिण्याजोगं ठेवायचं, डीबी नाही.

दुसरा: डीबी ब्राउझर किंवा तत्सम कशातही डेटाबेस साध्या डबल-क्लिकने उघडणं. शेवटचं कनेक्शन बंद होताना एसक्यूलाइट चेकपॉइंट करून वॉल फाइल पुसून टाकतं. मेसेज सगळे दिसतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण डीबीचा हॅश बदललेला असतो आणि वॉलमधला जुना गाळ कायमचा गेलेला असतो. तीच कॉपी पुन्हा दुसऱ्या टूलला दिली की आकडा वेगळा येणारच.

तिसरा सापळा सगळ्यात गमतीचा, आणि महागड्या टूलची करामत नेमकी तिथेच आहे. चेकपॉइंटनंतर वॉल फाइल सहसा कापली जात नाही. पुढचं लिखाण पुन्हा सुरुवातीपासून, जुन्या फ्रेमांवर (वॉलमधल्या एकेका पानाच्या नोंदींवर) होतं. नवीन फेरीत पाचच फ्रेमा लिहिल्या गेल्या तर सहाव्यापासून पुढे मागच्या फेरीची पानं तशीच पडून असतात. एसक्यूलाइट त्यांना ओळख देत नाही, कारण त्यांचा सॉल्ट (फेरीची ओळख सांगणारा आकडा) हेडरमधल्या, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहिती-भागातल्या, सॉल्टशी जुळत नाही. पण बाइट तिथेच आहेत, आणि पुसण्याआधीचा मेसेजही त्यात असतो. अ‍ॅपने मुख्य डीबीतली मोकळी जागा शून्यांनी भरली असली तरी या जुन्या फ्रेमांना कुणी हात लावलेला नसतो.

वाचायचं कसं? वॉलचं हेडर ३२ बाइटचं, सगळे आकडे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी). ऑफसेट ८ वर (सुरुवातीपासून आठ बाइट पुढे) पानाचा आकार, १६ वर सॉल्ट-१, २० वर सॉल्ट-२. पुढे प्रत्येक फ्रेम म्हणजे २४ बाइटचं हेडर आणि एक पूर्ण पान. फ्रेम हेडरमध्ये पहिले चार बाइट पान क्रमांक, पुढचे चार कमिटची खूण (शून्य नसेल तर व्यवहार तिथे पूर्ण झाला), मग ८ ते १५ दोन्ही सॉल्ट आणि शेवटी चेकसम (फ्रेम शाबूत आहे का हे तपासणारा आकडा). पान ४०९६ चं असेल तर फ्रेम ४१२० बाइटची. ४,१२,०३२ बाइटची वॉल दिसली की ३२ वजा करा, ४१२० ने भागा: बरोबर १०० फ्रेमा. भागाकार पूर्ण बसला नाही तर कॉपी अर्धवट आहे असं समजून परत फोनकडे जा.

सॉल्टवरून थर लावता येतात. प्रत्येक नव्या फेरीत सॉल्ट-१ एकाने वाढतो आणि सॉल्ट-२ नवा यादृच्छिक येतो. त्यामुळे एका वॉलमध्ये तीन-चार फेऱ्यांचे अवशेष असले तरी कोणता जुना, कोणता ताजा हे क्रमाने सांगता येतं. या आठवड्यातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच: स्क्रिप्टने थर वेगळे काढले आणि पुसलेले चाचणी-मेसेज, महागड्या टूलने दाखवलेले सगळेच्या सगळे, शून्य रुपयांत हाती आले.

फुगलेल्या आकड्याचंही कोडं त्यातच सुटलं. एक नवा मेसेज आला तरी त्याचं पूर्ण ४०९६ बाइटचं पान वॉलमध्ये पुन्हा लिहिलं जातं, आणि त्या पानावरचे शेजारी मेसेजही परत उमटतात. टूल प्रत्येक प्रतीला 'रिकव्हर्ड' म्हणून मोजत होतं. आपल्या स्क्रिप्टमध्ये की-आयडी (मेसेजचा ओळख-क्रमांक) आणि मजकुराचा हॅश मिळून एक ओळख धरली आहे. की-आयडी तोच आणि मजकूर वेगळा असेल तर दोन्ही ठेवायचे, कारण तो संपादित मेसेज असू शकतो. पानाचा पहिला बाइट १३ असेल तरच ते टेबलाचं लीफ-पान (प्रत्यक्ष नोंदी असलेलं पान). १० आणि २ इंडेक्सची, ५ आतलं पान. कुठल्या टेबलाचं हे पानावर लिहिलेलं नसतं, ते स्तंभांची संख्या आणि प्रकार पाहून ठरवावं लागतं. मेसेजचा _आयडी रेकॉर्डमध्ये रिकामा दिसला तर घाबरू नका, तो रो-आयडीच (ओळीचा क्रमांक) असतो.

अपेक्षा मात्र आवरा. अँड्रॉइडच्या फ्रेमवर्कमध्ये वॉलमध्ये किती पानं साचली की चेकपॉइंट होतो याचा मूळ आकडा १०० आहे (एसक्यूलाइटचा स्वतःचा १०००), अ‍ॅप तो बदलू शकतं. गजबजलेल्या ग्रुपांच्या फोनवर जुनी पानं टिकून राहण्याची ही खिडकी फार लहान असते. आणि मेसेज नाहीसा झाला म्हणजे कुणी हाताने पुसला असंही नाही. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांचे आपोआप जाणारे मेसेजही असेच दिसतात.

मराठी मजकुराबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण इथे फुकट आणि महाग दोन्ही टूल सारखीच तोंडावर पडतात. साधी स्ट्रिंग्ज आज्ञा (फाइलीतला वाचनीय मजकूर शोधणारी) देवनागरी दाखवत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, आणि सुरुवात २२४ १६४ किंवा २२४ १६५ अशी. कच्च्या पानांवर हा साचा शोधला की मराठी-हिंदी मजकूर लगेच उठून दिसतो. खरी डोकेदुखी 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' अशा शब्दांची. एक कीबोर्ड 'ऱ' एकाच चिन्हाने लिहितो, दुसरा र आणि नुक्ता असा जोडतो, तिसरा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडणीचं चिन्ह झेडडब्ल्यूजे (बाइट २२६ १२८ १४१) घालतो. पडद्यावर तिन्ही सारखे, शोधात तिन्ही वेगळे. एनएफसी सामान्यीकरणाने (युनिकोडच्या एकरूप करण्याच्या पद्धतीने) पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही; त्याच्यासाठी बदल-नियम हाताने लिहावा लागतो. रोमन लिपीतलं मराठी हे आणखी वेगळं प्रकरण: त्याला नियम नाही, शब्दांची यादीच हवी.

हे लिहीत असतानाच एक कल्पना सुचली आणि पुढचा बेत बदलला. रूट नसलेल्या फोनवर वॉल मिळतच नाही. एडीबी बॅकअपचा रस्ता अँड्रॉइड १२ पासून जवळपास बंद आहे. उरतो तो क्रिप्ट-१५ (व्हॉट्सअ‍ॅपची एन्क्रिप्टेड बॅकअप फाइल): व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करायचा, पासवर्डऐवजी ६४ अंकी की निवडायची, बॅकअप घ्यायचा, मग अँड्रॉइड/मीडियाखालच्या डेटाबेसेस फोल्डरमधली फाइल उचलून डब्ल्यूए-क्रिप्ट-टूल्सने उलगडायची. पण बॅकअप ही स्वच्छ प्रत, तिच्यासोबत वॉल नाही. म्हणून पुसलेलं काही मिळत नाही, असं आजवर आपण धरून चाललो. मात्र फोनवर मागच्या साधारण सात दिवसांच्या दिनांकित प्रती पडून असतात! त्याच कीखाली घेतलेल्या सगळ्या प्रती उलगडायच्या आणि कालच्या प्रतीत असलेले, आजच्या प्रतीत नसलेले _आयडी काढायचे. रूट नको, बॉक्स नको. मर्यादा एकच: बॅकअप रात्री दोनच्या सुमारास होतो, म्हणून दोन बॅकअपांच्या मधल्या वेळात आलेला आणि गेलेला मेसेज यात सापडणार नाही. पुढच्या खेपेला वॉलचे थर आणि ही तुलना एकाच वेळरेषेवर मांडू.

त्यामुळे ईएमएमसी बॉक्सची खरेदी तूर्त लांबणीवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ईझी-जेटॅग किंवा यूएफआय हा बॉक्स मिळतो. घेणार असाल तर बीजीए-१५३ आणि बीजीए-२२१ या प्रकारांच्या चिपा बसवायची सॉकेटं किमतीत धरली आहेत का आणि अ‍ॅक्टिव्हेशन किती काळाचं, हे आधी विचारा, नाहीतर स्वस्त बॉक्स महाग पडतो. सॉकेटाशिवाय आयएसपीने (चिप न काढता बोर्डवरच तारा जोडून) वाचायचं तर सीएमडी, क्लॉक, डॅट-०, व्हीसीसी, व्हीसीसीक्यू आणि ग्राउंड इतक्या तारा. त्या आखूड नसतील तर सीआरसी (डेटा-तपासणीच्या) चुका येतच राहतात. पण मूळ अडचण तारांची नाही. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांना फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं आहे आणि कीची गाठ फोनच्याच हार्डवेअरशी असते. चिपमधून निघतो तो निव्वळ न वाचता येणारा कचरा. बॉक्सचा उपयोग अँड्रॉइड ५-६ च्या काळातल्या, एन्क्रिप्शन नसलेल्या स्वस्त फोनांपुरता. फॅक्टरी रीसेट झालेल्या आजच्या फोनमधून 'सगळं काढून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला की कुठून आणणार एवढंच विचारा.

मग लाखांचे परवाने कशाचे? कुलूप उघडण्याचे. सेलेब्राइट, एमएसएबी, मॅग्नेट या कंपन्यांच्या फोन-तपास टूलांची किंमत मुख्यतः बंद फोनमध्ये शिरण्याच्या मार्गांसाठी आहे, आणि ते मार्ग प्रत्येक सुरक्षा-अपडेटने शिळे होतात. अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो गोळीबार प्रकरणातल्या आयफोन ५सी साठी एफबीआयने २०१६ मध्ये ९ लाख डॉलर मोजल्याचं सिनेटर डायेन फाइनस्टाइन यांनी नंतर सांगितलं. त्याच वर्षी केंब्रिजच्या सर्गेई स्कोरोबोगातोव यांनी त्याच मॉडेलचा पासकोड नँड मिररिंगने (मेमरी-चिपची प्रत पुन्हा पुन्हा वापरून) १०० डॉलरच्या आतल्या सामानात फोडून दाखवला. नंतरच्या मॉडेलांत मात्र सिक्युअर एन्क्लेव्ह हा कुलपाची राखण करणारा वेगळा भाग असतो, तो ५सी मध्ये नाही.  आपण स्वतःचे, पासकोड माहीत असलेले फोन किंवा फोन-तपासाचे अभ्यासक जॉश हिकमन यांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या फोन-प्रतिमा (चाचणी-फोनांच्या पूर्ण कॉप्या) वापरतो. त्यात कुलूप उघडण्याचा प्रश्नच नाही, म्हणून अलीप, आयलीप, ऑटॉप्सी ही फुकटची टूल आणि स्वतःची स्क्रिप्ट पुरते. (दुसऱ्याचा फोन त्याच्या परवानगीशिवाय उघडणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. अशा विनंत्या इथे टाकू नका.)

हॅशचा आग्रह कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश आणि त्याची पद्धत लिहावी लागते. असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-बी कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालना विधानसभेच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात पक्कं केलं होतं. डबल-क्लिकने वॉल गिळली गेली की आधी लिहिलेला हॅश पुन्हा जुळवता येत नाही.

स्क्रिप्टमध्ये अजून एक भोक आहे: लांबलचक फॉरवर्ड. ४०९६ च्या पानावर ४०६१ बाइटपेक्षा मोठा रेकॉर्ड ओव्हरफ्लो पानांवर सांडतो. देवनागरीत तीन बाइटच्या हिशोबाने ही हद्द साडेतेराशे चिन्हांच्या आतच येते, आणि मूळ पानावर कधीकधी जेमतेम ४८९ बाइट उरतात. जुन्या थरात पुढचं पान त्याच फेरीचं आहे याची खात्री नसते. वेगळ्या सॉल्टचं पान जोडलं तर दोन मेसेजांची खिचडी होते. सध्या सॉल्ट जुळला तरच साखळी जोडली जाते, नाहीतर मेसेजपुढे 'अपूर्ण' अशी खूण येते. बदललेली फ्रेम-वाचक फाइल आणि 'ऱ' चे बदल-नियम नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकले आहेत. १६,३८४ बाइटच्या पानांचा डेटाबेस कुणाकडे असेल तर त्यावर चालवून बघा, ती शाखा अजून तपासलेली नाही.