शेवाळातला डोंगर

आज दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून परागकण मोजले. मान पार आखडली. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीवरून आणलेलं शेवाळ. त्यात गेल्या काही वर्षांचा पराग अडकलेला असतो. सगळ्यात वरच्या नमुन्यात, जिथे एकही झाड नाही, तिथे पाइनच पाइन! दोन हवेच्या पिशव्या असलेला हा कण वाऱ्यावर स्वार होऊन कुठेही पोचतो. उलट ऱ्होडोडेंड्रॉनच्या ऐन झुडपातून उचललेल्या शेवाळात त्याचे जेमतेम चार कण. त्याचा चिकट पराग कीटक नेतात, वाऱ्याच्या हाती फारसा लागतच नाही. तळ्याच्या गाळात साठलेल्या जुन्या परागावरून हजारो वर्षांपूर्वीचं जंगल वाचायचं, तर आधी आजच्या परागाची ही थापेबाजी ओळखावी लागते. गवतांनी मात्र छळलं, मेली सगळी सारखीच दिसतात! अजून सहा स्लाइड बाकी आहेत.