काका, हात आवरा!

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर कसं जायचं, कुठे उतरायचं ही माहिती हवी असेल तर ती इथे मिळणार नाही. पोर्ट ब्लेअरहून सुटलेल्या फेरीत मी डोळे घट्ट मिटून पडून होते, राधानगर बीचवरचा सूर्यास्त ढगात गेला आणि जेवणाबद्दल तक्रार नाही. बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण रिक्षावाल्यांपासून बोटवाल्यांपर्यंत सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात, म्हणून मीही. मला लिहायचंय ते लाइटहाउस नावाच्या डाइव्ह साइटवर माझ्या वाट्याला आलेल्या बडीबद्दल, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमधल्या जोडीदाराबद्दल. त्यातही त्याच्या दोन हातांबद्दल.

स्कूबात कुणी एकटं जात नाही, जोड्या लावतात. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं आणि एकाची हवा संपत आली की दोघांनीही वर यायचं. नियम चांगलाच आहे. पण जोडी लावताना पत्रिका बघत नाहीत. माझ्या जोडीला आले नाशिकचे एक काका. साठीच्या आसपासचे, अंगाने काटक, गोदावरीच्या पुरात पोहलेले. हे जेट्टी सुटायच्या आत त्यांनीच सांगितलं. "ताई, पाण्याची भीती आपल्याला कधी वाटलीच नाही!" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पट्टीचा पोहणारा पाण्याखाली गेला की पहिला तास हातांना काही केल्या सुट्टी देत नाही.

खाली १२ मीटरवर पोचलो. पाणी २९ अंश, स्वच्छ. एका खडकाच्या कपारीखाली निळ्या ठिपक्यांचं पाकट वाळूत अंग टेकून बसलेलं दिसलं. मी जमिनीपासून हातभर वर थांबले. पाकटाच्या डोळ्यामागे एक छिद्र असतं, त्यातून ते पाणी आत घेतं. वाळूत पडून राहिलं तर पोटाकडच्या तोंडातून वाळू आत जाईल, म्हणून ही वरची सोय. ते छिद्र उघडत होतं, मिटत होतं आणि त्याच्या वरचा पिवळसर डोळा माझ्याकडे रोखलेला. तेवढ्यात उजवीकडून एक पंजा आला. आधी माझ्या मास्कवर, मग तोंडात हवा आणणाऱ्या रेग्युलेटरच्या नळीवर. मास्कमध्ये पाणी शिरलं. ते काढून बघते तो समोर नुसतं गढूळ पाणी. काका वाळूच्या वर उभे राहून माशा हाकलल्यासारखे दोन्ही हात चालवत होते. पाकट कधीच पसार झालेलं.

मग हेच चालू राहिलं. काका थांबले की बुडायचे, बुडायला लागले की हात मारायचे, हात मारले की धापा टाकायच्या. १२ मीटरवर दाब जमिनीवरच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही तितक्याच पटीने जाते. त्यात धापा. सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या माझ्या गेजवर १२० बार दिसत होते, तेव्हा काकांनी मूठ दाखवली, म्हणजे ५० बार, चला वर. साडेसहा हजार मोजले होते दोन डाइव्हचे, आणि पहिली अर्ध्या तासात आटोपली. बोटीवर आल्या आल्या काका म्हणाले, "झकास! व्यायामच झाला!"

व्यायाम झाला हेच तर दुखणं आहे. पोहताना हात लागतात कारण आपण पाण्याच्या वर राहायला धडपडत असतो. डायव्हिंगमध्ये वर-खाली होण्याचं काम फुप्फुसांचं. एक लिटर जास्त हवा आत घेतली की साधारण किलोभर उचल मिळते, सोडली की तेवढी जाते. मात्र लगेच नाही. श्वास घेतल्यावर दोनेक सेकंदांनी शरीर हलतं आणि नवखा माणूस ते दोन सेकंद धीर धरत नाही, हात मारून मोकळा होतो. पुढे जाण्याचं काम फिन्सचं. मांडीचे स्नायू आणि पायाला लावलेलं हातभर लांबीचं पातं यांच्यापुढे आपला तळवा तो केवढा! पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट, त्यात तळव्याने वल्हवून मिळतं थोडं आणि दमछाक होते फार. शिवाय तो हात कुठे लागेल याचा भरवसा नाही. लायनफिशचे काटे आहेत, समुद्री साळिंदर म्हणजे अर्चिन आहेत. फायर कोरल तर दिसायला अगदी साधं, मोहरीच्या रंगाचं. काकांच्या बोटांच्या पेरांवर त्याचे लाल वळ उठले होते. बोटीवरच्या पोराने मुकाट्याने व्हिनेगरची बाटली आणून दिली.

आता या बाबतीत आपल्याकडचंच बोलायचं तर मालवण-तारकर्लीला स्कूबा म्हणून जे करवतात, त्यात मला फिन्स दिल्याच नव्हत्या. मागून इन्स्ट्रक्टर सिलिंडर धरून आपल्याला फिरवतो, पाय लोंबकळत राहतात आणि रिकाम्या हातांनी काय करायचं तर व्हिडिओसाठी दोन बोटं दाखवायची, नाहीतर माशांना पाव चारायचा. शेजारी सिंधुदुर्ग किल्ला, भोवती १९८७ मध्ये जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाच्याच यादीत, पहिल्या परिशिष्टात जागा. पण माझ्याबरोबरच्या ग्रुपमधला प्रत्येक जण खडकाला धरून फोटो काढत होता. पोरं मेहनती आहेत, गिऱ्हाइकाला सांभाळून वर आणतात, त्याबद्दल शब्द नाही. पण "हात छातीशी धरा" एवढं वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

हॅवलॉकच्या डाइव्हमास्टरने ते सांगितलं. बेटावरच वाढलेला बंगाली मुलगा, बोलायला कमी. पहिल्या डाइव्हनंतर त्याने काकांच्या कमरेच्या पट्ट्यातलं, खाली जाता यावं म्हणून बांधलेलं दोन किलो शिसं काढून टाकलं. मग हिंदीत समजावलं: वजन जास्त झालं की माणूस तरंगण्यासाठी अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरतो, हवेने छाती वर येते, शिशाने कंबर खाली जाते आणि माणूस पाण्यात तिरका उभा राहतो. तिरकं राहून फिन मारली की आपण वर जातो, थांबलो की खाली. मग हात आलेच. काकांना वाटत होतं जास्त वजन म्हणजे जास्त सुरक्षित. त्याने वाद घातला नाही. लिहायची प्लास्टिकची पाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "दोनों हाथ से पकड़ो, दादा. छोड़ना नहीं."

दुसऱ्या डाइव्हची पहिली पाच मिनिटं बघवत नव्हती. पाटी घट्ट धरलेली आणि कोपरं तरी फडफडताहेत. मग हळूहळू कोपरं अंगाला चिकटली. पाय मागे गेले, गुडघ्यात वाकले आणि काकांनी एक फ्रॉग किक मारली. मी बघतच राहिले. गुडघे बाहेर, घोटे फिरवून तळवे एकमेकांकडे आणायचे आणि मग नुसतं सरकत राहायचं. ही किक शिकायला मला घाम फुटला होता. काका आयुष्यभर नदीत बेडकासारखे पाय मारत आले होते. पाय तयारच होते, हात मध्ये येत होते. खालची वाळूही हलली नाही, कारण या किकने पाणी मागे ढकललं जातं, खाली नाही. त्या दिवशी आम्ही पाऊण तासाच्या वर पाण्यात होतो.

हातांना पाण्याखाली कामच नसतं असं कुणी समजू नये. नाक दाबून कान मोकळे करायचे, जॅकेटची हवा सोडायची, मास्कमधलं पाणी काढायचं, खुणा करायच्या, सगळं हातानेच. ज्यांचे पाय चालत नाहीत असे डायव्हर बोटांत पडदे असलेले हातमोजे घालून निव्वळ हातांवर डाइव्ह करतात. ते हात शिकलेले असतात, एकही फटका वाया जात नाही. माझा राग न शिकलेल्या हातांवर आहे.

आणि फिन्स तरी कुठे साध्या? दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात बडी बदलून मागितला. मिळाला एक कॅमेरावाला. दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले, म्हणून मी खूश. पण गृहस्थ फोटोसाठी डोकं खाली घालायचे आणि मागे फिन्स वर-खाली झोडपत राहायचे. शिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळाची वीतभर फांदी माझ्या डोळ्यांदेखत तुटली. एवढं वाढायला त्याला वर्षं लागतात. गृहस्थांना पत्ताही नाही, कारण आपली फिन आपल्याला दिसत नाही, हात निदान दिसतो. प्रवाळ मोडण्यात फिन्सचाच हात मोठा, हे इन्स्ट्रक्टर लोक सांगतात ते उगाच नाही. वर आल्यावर मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "समुद्र एवढा मोठा आहे मॅडम." आणि मला स्क्रीनवर एंजलफिश दाखवायला लागले. फोटो चांगला आला होता, त्याचा आणखी राग आला.

बोटीच्या दुसऱ्या टोकाला काका समोसा खात एका नवख्या जोडप्याला ऐकवत होते की हात मुळीच हलवायचे नसतात, श्वासावर राहायचं असतं. समोशासकट दोन्ही हात हवेत फिरवत. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"काका, उद्या माझ्याबरोबर येता?"

"येतो की. पण पाटी लागेल मला."

"पाटी मी मागून ठेवलीय," मी म्हटलं.