45 किलोचं पोतं

बुधवार, मार्गशीर्ष

गव्हाला पाणी देऊन झालं होतं, युरिया टाकायचा होता. बंडीवरून पोतं पाठीवर घेतलं आणि धुरा ओलांडायच्या आधीच गुडघ्यावर आलो. पोतं बाजूला, मी बाजूला. गडी धावला. त्यानं काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

2018 पासून युरियाचं पोतं 50 वरून 45 किलोचं झालं. पाच किलो हलकं झालेलं पोतं मला जड झालं, म्हणजे मी किती उतरलो असेन?

तशी दोन वर्षं झाली. शेतातून आलं की बाजेवर आडवं व्हावंसं वाटतं. दंड उतरले, पोट सुटलं. उगाच चिडचिड. आणि एक गोष्ट रोजनिशीतही सरळ लिहवत नाही, पण लिहितो. वर्षभरात मनच झालं नाही. तिलाही होत नाही, त्यामुळं भांडणही नाही. दोन बाजा, मधे पाण्याचा तांब्या.

वय झालं, असं मी धरून चाललो होतो. छप्पन्न म्हणजे काही थोडं नाही.

शनिवार

कृषी केंद्राच्या बाकावर बसणाऱ्या मित्रानं एक डबी दिली. त्यात काळी राळ, दुधातून घ्यायची. ‘‘महिनाभरात पाह्य बे कसा उड्या मारते.’’ डबीवर आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही. घरी आणून कोनाड्यात ठेवली.

मग लाल्या आठवला. कपाशीची पानं लाल पडली की दुकानदार एक बाटली देतो, आपण मारतो. पानं लाल पडतात कधी मॅग्नेशियम कमी पडून, कधी तुडतुड्यांनी, कधी रात्रीच्या थंडीनं, कधी मुळाशी पाणी साचून. रंग एकच, कारणं चार. बाटल्या मारून मी किती पैसे घालवलेत ते मलाच ठाऊक. डबी उघडली नाही.

बुधवार

मागल्या सोमवारी वर्ध्यात रक्त तपासायला दिलं होतं. दुपारचे चार वाजले होते, चहा झालेला, आणि आदल्या रात्री हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून पहाटेपर्यंत जागलीवर. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषपणाचं हार्मोन, आलं 248. पुरुषाला साधारण 300 ते 1000 पाहिजे म्हणतात. कागद पाहून पोटात गोळाच आला.

आज डॉक्टर मॅडमनी तो कागद उलटा करून ठेवला. ‘‘काका, हे धरायचंच नाही. हे हार्मोन सकाळी भरपूर असतं, दुपारपर्यंत उतरतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, रात्री नीट झोपून द्यायचं. आणि कमी आलंच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा कमी आलं तरच कमी म्हणायचं.’’ तरण्या पोरांनाही आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर ते दहा-पंधरा टक्के उतरतं, म्हणाल्या. मी तर महिनाभर माळ्यावर बसलेला.

मग त्यांनी विचारलं, पहाटे उठताना शरीर जागं होतं का? मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लेकीच्या वयाची बाई, पण सायबीनचा भाव विचारावा तसं विचारलं. मान हलवली. कधीमधी.

सोमवार

शुक्रवारी घरी आठ तास झोपून सकाळी आठला रक्त दिलं होतं. 341. कमीच्या काठावर, पण कमी नाही. सापडलं ते भलतंच, तीन महिन्यांची साखर 8.1. घोरण्याचंही विचारलं, ते बायकोनं माझ्याआधी सांगितलं.

मॅडमचं म्हणणं असं की तिशी-चाळिशीनंतर वर्षाला टक्काभर उतरतंच, तो आजार नाही. पण पोटावरची चरबी या हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, करून टाकते, साखर आणि झोपेत अडकणारा श्वास त्याला आणखी खाली ओढतात. आधी तिकडे बघायचं. इंजेक्शन ज्याला खरंच लागतं त्याला देतात, तेही रक्त घट्ट होतंय का आणि प्रोस्टेट ठीक आहे का ते तपासत. तरण्या माणसानं हौसेनं घेतलं तर शुक्राणूच बंद होतात. हे ऐकून अमरावतीचा पुतण्या डोळ्यांसमोर आला, जिमवाला. आजच फोन लावतो.

उठलो तर मॅडम तिच्याकडे वळल्या. ‘‘काकू, तुमचं कसं?’’

ती दचकली. ‘‘मले काय झालं? मी तं यायच्या संगं आलो.’’

मग हळूहळू निघालं. जीव गळतो, हाडं दुखतात, झोप नाही, कशात मन नाही. पिशवी काढून पंधरा वर्षं झाली, तेव्हा वय अडतीस. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘‘फक्त पिशवी काढली, की अंडाशयही?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

घरी येताना गाडीत तिच्या कानाशी लागून मॅडमचं पुन्हा सांगितलं, कारण तेव्हा तिला अर्धंच ऐकू गेलं होतं. हे हार्मोन बायकांतही असतं. पुरुषाच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही, तरी त्यांच्याच रक्तातल्या इस्ट्रोजेनपेक्षा बहुतेक वेळा जास्त. काही अंडाशयात बनतं, काही किडनीवरच्या ग्रंथींत. विशीपासून चाळिशीपर्यंत हळूहळू निम्म्यावर येतं. पाळी जाताना एकदम पडत नाही, पण दोन्ही अंडाशय काढले की लगेच निम्मं जातं. इस्ट्रोजेन तर जवळपास सगळंच, म्हणून हाडं. बाईचं रक्त तपासून ‘तुला कमी आहे’ असं ठरवता येत नाही. पाळी गेल्यावर इच्छाच मेली आणि त्याचा त्रास होतो, तेवढ्याच कारणासाठी थोड्या मात्रेत औषध देण्याला आधार आहे. थकवा, ताकद यांसाठी नाही. तिचं आधी हाडांचं बघायचंय.

‘‘इच्छा,’’ ती म्हणाली आणि पुढच्या सीटवरच्या म्हातारीकडे पाहून पदर तोंडाशी नेला. हसत होती.

रात्र

लोखंडी पेटी काढली. सातबारा, पीककर्जाची कागदं, पोरीची मार्कशीट, खाली ती फाईल. तेव्हा सांगितलं होतं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन दिवसांत टेबलावर घेतलं. कागद इंग्रजीत. पोरीनं फोनवर फोटो पाहून वाचून दाखवला. पिशवी, आणि दोन्ही बाजूंचे अंडाशय.

खाली संमतीची सही माझी. तिची नाही.

‘‘तुमी वाचलं होतं?’’

‘‘नाही.’’

तिनं कागदाची घडी केली, सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी उशाशी ठेवली. पुढच्या सोमवारी सातच्या गाडीनं मॅडमकडे जायचंय. दिवा मालवताना म्हणाली, ‘‘आज जागलीले गड्याले पाठवा. तुमी झोपा.’’